पुढे काय होतं ते माहीत असताना

एखादी मालिका परत परत बघण्यासारखी आहे की नाही हे ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. शेवट आधीच सांगून टाकायचा आणि मग लावायची. खून कोणी केला, लग्न कोणाशी झालं, घर राहिलं की गेलं, सगळं सांगून टाकायचं. तरीही समोरचा माणूस बसून बघत राहिला तर ती मालिका खरी. आणि "अगं मग आता बघायचं काय त्यात" म्हणून उठून गेला तर ती एकदाच बघायची होती. एकदाच बघायच्या मालिकेत वाईट काही नाही, पण मी आज ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या या नव्हेत.

२०२० च्या मार्चमध्ये ही परीक्षा आपल्या सगळ्यांच्याच घरी एकदम झाली. करोनामुळे शूटिंग बंद पडली. चॅनेलकडे पुढचे काही एपिसोड तयार असतात, त्याला ते लोक बँक म्हणतात, ती बँक बघता बघता संपली आणि मग जिकडे तिकडे जुनंच सुरू झालं. दूरदर्शनने २८ मार्चपासून रामायण लावलं, मागोमाग महाभारत, ब्योमकेश बक्षी, सर्कस, देख भाई देख. बाकीच्या चॅनेलवर त्यांच्या त्यांच्या रोजच्या मालिकांचे आधीचे भाग. आम्ही ठाण्यातल्या नौपाड्यातले, जुन्या बिल्डिंगमधलं दोन खोल्यांचं घर, एकच टीव्ही, आणि सासूबाई म्हणजे रोजच्या मालिकांच्या अगदी निष्ठावंत प्रेक्षक. पाव्हणे बसलेले असले तरी साडेसातला रिमोट हातात. त्या दिवसांत एका संध्याकाळी त्यांच्या आवडत्या मालिकेचा आदल्या वर्षीचा भाग लागला. असा भाग की जो पहिल्यांदा बघताना त्यांना जेवण गेलं नव्हतं. पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर होऊन गेलं," आणि बंद केला टीव्ही. रागाने नाही हो, पेपर वाचून झाला की घडी घालून ठेवतो ना आपण, तसा.

मग माझ्या लेकीने फोनवरून शोधून टीव्हीवर श्रीयुत गंगाधर टिपरे लावली. सासूबाईंनी ती २००१ साली लागली तेव्हाच बघितली होती, नंतर दुपारी रिपीट लागायची तेव्हाही बघितली होती. त्या दिवशी पुढ्यात मोड आलेले कडवे वाल होते सोलायला, परातीत पाणी, टरफलं एका बाजूला, आणि एकापाठोपाठ तीन भाग झाले तरी "आता पुरे" म्हणाल्या नाहीत. उलट त्यातले आजोबा, आबा, काय बोलणार ते आबांच्या आधी म्हणून दाखवत होत्या आणि मग आबांनी ते म्हटलं की पुन्हा हसत होत्या.

मला तेव्हापासून हे डोक्यातून गेलेलं नाही. माणूस तोच, टीव्ही तोच, दोन्ही गोष्टी आधी बघितलेल्या. एक संपली आणि एक संपतच नाही. का?

सोपं उत्तर लोक देतात ते म्हणजे जुन्या आठवणी. ते दिवस चांगले होते, आपण लहान होतो, म्हणून जुनं गोड लागतं. मला हे पटत नाही. कारण माझी लेक तेव्हा जन्मलेलीच नव्हती, तिला कुठल्या आठवणी? आणि तीही बघते. शिवाय त्या काळातल्या कितीतरी मालिका आज दोन मिनिटंसुद्धा बघवत नाहीत, त्यांचीही आठवण आहेच की मला. तेव्हा आठवणीवर सगळं ढकलून चालणार नाही, त्या मालिकेच्या बांधणीतच काहीतरी असतं.

ते काय असतं ते मला कळलं एका सेटवर. माझा मावसभाऊ एका रोजच्या मालिकेवर असिस्टंट डिरेक्टर होता. ठाण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको, घोडबंदर रोडला ओवळ्याच्या पुढे, येऊरकडे, किती मालिकांची घरं आहेत ते. आपण बसमधून ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असतो आणि डाव्या हाताला पत्र्याच्या कुंपणामागे कुणाचा तरी वाडा, कुणाचं तरी हॉस्पिटल, कुणाचं तरी देवघर उभं असतं. मेट्रोच्या खांबांची कामं सुरू झाल्यापासून तिथपर्यंत पोचायलाच वेळ लागतो, आणि कलाकार बिचारे सकाळी सातच्या कॉल टाइमला यायचे म्हणजे कधी निघत असतील. त्याने एकदा बोलावलं म्हणून मी गेले. प्लायवूडच्या भिंती, त्यावर खऱ्या घरासारखे फोटो, टेक सुरू झाला की एसी बंद, पंखे बंद, सगळे घामाघूम, आणि जरीच्या साडीतली नटी हातातले दोन कागद पुटपुटत पाठ करतेय. तो सीन तासाभरापूर्वी आला होता. लेखक तिकडे घरी बसून पुढचा लिहीत होता.

सीन असा, की सून काहीतरी मोठं सत्य सांगते आणि सासू ते ऐकून हादरते. आधी सुनेचं सगळं बोलणं घेतलं. मग सून गेली, तिला दुसऱ्या युनिटला पाठवायचं होतं. आणि मग सासूची रिॲक्शन घेतली. समोर सून नाहीच. माझा भाऊ कॅमेऱ्याच्या बाजूला मूठ वर करून उभा, त्या मुठीकडे बघून बाई हादरल्या. एकदा लांबून, एकदा जवळून, एकदा अगदी डोळ्यांत. भाऊ सुनेची वाक्यं सपाट आवाजात वाचत होता. बाईंचं काम उत्तमच होतं, खोटं नाही बोलणार, नुसत्या मुठीकडे बघून डोळ्यांत पाणी आणणं याला काय लागतं ते मला माहिती नाही. पण त्या कोणाचंही ऐकत नव्हत्या.

बाहेर चहा पिताना मी भावाला विचारलं, असंच करता का रोज? तो म्हणाला, "ताई, रोजची बावीस मिनिटं भरायची असतात. सगळ्यांच्या डेट्स एकत्र मिळत नाहीत. गुरुवारी टीआरपी येतो, तो बघून ट्रॅक बदलतो. आज जे शूट करतोय ते परवा दिसणार आहे. आणि लोकांना उद्या परत आणायचं असतं, म्हणून शेवटी हुक पाहिजे. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आता पुढे काय."

आता पुढे काय. याच एका गोष्टीवर ती मालिका चालते, आणि पुढे काय ते कळलं की तिच्यात बघायला काही उरत नाही. सासूबाईंनी टीव्ही बंद केला तो यामुळे. त्या मालिकेवर राबणाऱ्या माणसांचा यात दोष नाही हे मी मुद्दाम सांगतेय, कारण रोजच्या मालिकांना नावं ठेवायची एक फॅशन आहे आणि ती मला आवडत नाही. बारा-तेरा तास उभी राहून माणसं ते काम करतात, शेकडो घरं त्यावर चालतात, आणि संध्याकाळी एकट्या बसलेल्या कितीतरी बायकांना त्याची सोबत असते. पण परत बघण्यासाठी ते बनवलेलंच नसतं. वेळच नसतो तेवढा.

त्या दिवसापासून मला एक सवय लागली. मालिका बघताना मी बोलणाऱ्याकडे बघत नाही, ऐकणाऱ्याकडे बघते. पहिल्या वेळी आपलं लक्ष बोलणाऱ्याकडेच जाणार, गोष्ट कळायला हवी ना. दुसऱ्या वेळी गोष्ट माहीत असते म्हणून डोळे मोकळे असतात, आणि मग कोपऱ्यात बसलेला माणूस दिसायला लागतो. तो जर खरंच ऐकत असेल, त्याच्या डोक्यात त्याचं स्वतःचं काहीतरी चाललं असेल, तर तिसऱ्या वेळी त्याच्यासाठी बघायचं. चौथ्या वेळी आणखी कोणासाठी तरी. अशी मालिका संपत नाही.

टिपऱ्यांकडे हेच आहे. केदार शिंदेंनी दिग्दर्शित केलेली, दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावरून आलेली. आणि त्या पुस्तकाची रचनाच अशी की घरातले सगळे आपापली डायरी लिहितात. म्हणजे एकच घटना, पण आबांची वेगळी, मुलगा शेखरची वेगळी, सून श्यामलाची वेगळी, नातवंडं शलाका आणि शिऱ्याची आणखी वेगळी. पुस्तकातच प्रत्येकाला आपलं मन आहे, त्यामुळे मालिकेत कोणी नुसता बसायला बसलेला नाही. आबा बोलत असतात तेव्हा राजन भिसेंचा शेखर पेपरात डोकं घालून असतो पण ऐकत असतो, ते त्याच्या मानेवरून कळतं. श्यामला झालेल्या शुभांगी गोखले तर माझ्या मते त्या मालिकेचा कणा आहेत. घरात काहीही चालू असू दे, त्या बाईचं एक लक्ष सगळ्यांवर आहे, कोण काय बोललं, कोणाला काय लागलं, कोण जेवला नाही. हे कोणी वाक्यात सांगत नाही, बघावं लागतं, आणि पहिल्या वेळी दिसत नाही. दर आठवड्याला एक भाग, एका भागात एक गोष्ट, अर्ध्या तासात ती पुरी. उद्यासाठी काही लपवून ठेवलेलं नाही, म्हणून आज सगळं देऊन टाकता येतं.

आणि प्रभावळकर. १९४४ चा जन्म, म्हणजे आबा झाले तेव्हा ते साठीचेही नव्हते. हे कळल्यावर मी पुन्हा बघितली, नुसतं त्यांचं खुर्चीतून उठणं बघायला. दोन्ही हात आधी टेकतात, मग एक क्षण थांबतात, मग उठतात, आणि उठल्यावर कशासाठी उठलो ते आठवायला आणखी एक क्षण. माझे वडील असेच उठायचे. याच माणसाने त्याच्या कितीतरी वर्षं आधी दूरदर्शनवर चिमणराव केला होता, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मी ती बघितलेली नाही, आईकडून ऐकलेली आहे, पण आई आबांकडे बघताना मधेच "चिमणराव आला बघ" म्हणायची आणि तिला कुठे दिसायचा तो तिलाच माहिती.

प्रपंच या मालिकेबद्दल तर मी तासभर बोलू शकते. १९९९ मध्ये अल्फा मराठी, म्हणजे आताचं झी मराठी, सुरू झालं त्या सुरुवातीच्या काळातली, प्रतिमा कुलकर्णींची. समुद्राकाठचं एक घर आणि त्यात एकत्र राहणारी माणसं, बास. सुधीर जोशी, प्रेमा साखरदांडे, रसिका जोशी, संजय मोने, सुनील बर्वे, भरत जाधव. आज यातली तीन माणसं आपल्यात नाहीत, रसिका तर २०११ मध्ये फार लवकर गेली, आणि तिला बघताना प्रत्येक वेळी माझ्या पोटात तुटतं. त्या घरात माणसं एकमेकांना अर्धवट वाक्यात बोलतात. आपल्या घरात बोलतो तसं. कोणी वाक्य सुरू करतं, दुसरा पुरं करतो, तिसरा विषय बदलतो, आणि प्रेमाताई काही न बोलता नुसत्या बघतात आणि त्या बघण्याने सगळे गप्प होतात. सुधीर जोशींना लोक विनोदी नट म्हणून ओळखतात. त्यांचं ऐकणं बघा एकदा. समोरचा चुकीचं बोलतोय हे कळलंय, आत्ता बोललं तर तो दुखावेल हेही कळलंय, आणि ते दोन्ही चेहऱ्यावर एकदम. तेवढ्यासाठी मी तो सीन मागे नेऊन पुन्हा लावते. आमच्याकडे त्यावरून ओरडा होतो पण मी ऐकत नाही. माझी फार इच्छा आहे की ती अख्खी मालिका चांगल्या स्वच्छ प्रिंटमध्ये ओळीने एका जागी बघायला मिळावी, लेकीच्या पिढीला कळू दे की मराठीत हे झालेलं आहे.

हिंदीतल्याही ज्या आमच्याकडे परत परत लागतात त्यांना हीच गोष्ट लागू पडते. नुक्कड घ्या, १९८६ ची. कुंदन शाह आणि सईद मिर्झा. मोठी गोष्ट अशी काही नाहीच, एक गल्ली, कादरभाईचं हॉटेल, आणि त्याभोवती जमणारी गरीब माणसं. पण एक जण आपलं दुःख सांगत असतो तेव्हा बाकीचे पाच-सहा जण फ्रेममध्ये असतात आणि प्रत्येकाचं वेगळं चाललेलं असतं, समीर खक्करचा दारुडा खोपडी तर कुठल्या तरी कोपऱ्यात कलंडलेला असतो आणि तिथूनही तो त्या सीनमध्ये असतो. कुंदन शाहंचीच वागळे की दुनिया, १९८८, आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतली. अंजन श्रीवास्तव यांचे वागळे बोलतात, घाबरतात, चिडतात, आणि भारती आचरेकर ऐकतात. बाईंनी माणिक वर्मांच्या घरात जन्म घेतलाय, कान तयार असणारच, असं माझी आई म्हणायची आणि मला ते तंतोतंत पटतं. २०२१ मध्ये नवी वागळे आली त्यात हेच दोघं म्हातारे आई-वडील झाले, सुमीत राघवन मुलगा. इतक्या वर्षांनी तेच दोघं एका सोफ्यावर बसलेले बघून सासूबाईंना कोण आनंद झाला, जणू गावची जुनी शेजारीण भेटली.

मालगुडी डेज बद्दल सगळ्यांनी सगळं लिहून झालंय, अगुंबे, एल. वैद्यनाथन यांचं ते संगीत, शंकर नाग यांचं दिग्दर्शन. मी एवढंच सांगेन की स्वामीचे वडील म्हणजे गिरीश कर्नाड स्वामीला काहीतरी सांगत असतात तेव्हा त्या पोराच्या, मास्टर मंजुनाथच्या डोळ्यांकडे बघा. वडिलांचं सगळं ऐकतोय आणि मनातून कधीच मैदानावर पोचलाय.

ब्योमकेश बक्षी माझ्या कसोटीचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे. १९९३, बासू चॅटर्जी. गुप्तहेराची गोष्ट, म्हणजे खुनी कळला की संपलंच पाहिजे की नाही? संपत नाही. कारण रजित कपूर यांचा ब्योमकेश फार धावत नाही, मारामारी करत नाही, तो बसून ऐकतो. स्वतःला जासूस म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणतो. पहिल्या वेळी आपण त्याच्याबरोबर खुनी शोधतो, आणि दुसऱ्या वेळी शोधतो की याला नेमकं कुठल्या वाक्याला कळलं. ते चेहऱ्यावर असतं, अगदी बारीक, पापणी लवावी एवढं. लेक आणि मी त्यावर पैज लावतो. तिचं म्हणणं असतं की इथे कळलं, माझं म्हणणं की नाही, आधीच, चहाचा कप खाली ठेवला ना तेव्हा. आणि के. के. रैनांचा अजित शेजारी बसून तेच सगळं ऐकतोय आणि त्याला काहीच कळलेलं नाही, हे दोघांचं एका वेळचं वेगवेगळं ऐकणं बघण्यात जी मजा आहे ती खुनी कोण यात नाहीच.

माझ्या नवऱ्याला मालिका आवडत नाहीत. तो २ एप्रिल २०११ ची वानखेडेवरची वर्ल्ड कप फायनल परत परत बघतो. मी आधी विचारायचे, आपण जिंकतो हे माहीत असताना काय बघतोस? एकदा त्याने बसवून दाखवलं. धोनीचा सिक्स सगळ्यांनी बघितलाय, तो म्हणाला, तू आता युवराजकडे बघ, नॉन-स्ट्रायकरला उभा आहे, बॉल हवेत आहे आणि त्याच्या अंगात काय होतंय ते बघ. मी बघितलं आणि मला पटलं की आमचं दोघांचं बघणं एकच आहे.

साराभाई वर्सेस साराभाई तर आमच्याकडे सणासुदीला फराळ करताना लागतेच. २००४ मध्ये पहिल्यांदा आली तेव्हा टीआरपीत ती काही मोठी ठरली नव्हती, तिला खरे प्रेक्षक मिळाले ते रिपीटवर आणि नंतर इंटरनेटवर. म्हणजे ही मालिका परत बघूनच मोठी झाली. आतिश कपाडियांचं लेखन, देवेन भोजानींचं दिग्दर्शन, आणि कफ परेडच्या त्या दिवाणखान्यात पाच जण एका फ्रेममध्ये. घरातला धाकटा मुलगा रोसेश कविता म्हणतो तेव्हा राजेश कुमारकडे बघून हसायचं ते पहिल्या वेळी. नंतर सतीश शाहंच्या इंद्रवदनकडे बघायचं. कविता सुरू व्हायच्या आधीच त्या माणसाच्या गालात हसू जमायला लागतं, तो ते दाबतो, शेजारी रत्ना पाठक शाह यांच्या चेहऱ्यावर मुलाचं असं काही कौतुक की जणू कालिदास बोलतोय, आणि मधे सुमीत राघवनचा साहिल. साहिलचं काम विनोद करण्याचं नाहीच फारसं, त्याचं काम ऐकण्याचं आहे, एका कानाने आई आणि दुसऱ्या कानाने बायको. मला विचाराल तर त्या मालिकेतलं सगळ्यात अवघड काम त्याचं आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. सतीश शाह २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गेले. १९८४ च्या ये जो है जिंदगी मध्ये भागाभागाला वेगळं पात्र करणारा माणूस, वीस वर्षांनी इंद्रवदन झाला. बातमी आली त्या रात्री आम्ही काही न ठरवता साराभाईच लावली आणि पोट दुखेपर्यंत हसलो, आणि मला वाटतं तेच बरोबर होतं.

मराठीत अलीकडची म्हणाल तर दिल दोस्ती दुनियादारी, २०१५. ती रोजची होती, म्हणजे माझ्या म्हणण्याला अपवाद. पण बघा, तिथेही सहा जण एका घरात, एका हॉलमध्ये, एकमेकांच्या अंगावर पडलेले, आणि एक बोलत असताना बाकीचे पाच त्याचं ऐकून तोंडं वाकडी करतायत. अमेय वाघ, सुव्रत जोशी, स्वानंदी टिकेकर, पूजा ठोंबरे, पुष्कराज चिरपुटकर आणि सखी गोखले. ही सखी म्हणजे टिपऱ्यांच्या श्यामलाची, शुभांगी गोखलेंची मुलगी. सखीचे आई-वडील, शुभांगी आणि मोहन गोखले, दोघंही १९८९ च्या मिस्टर योगीत होते. आमच्या सासूबाईंना हे माहीत झाल्यापासून त्या सखीचा सीन आला की "आईसारखं ऐकते" म्हणतात, आणि खरंच आहे ते. तेव्हा रोजची म्हणजे टाकाऊ असा नियम नाही, वेळ कमी असला तरी माणसं एकत्र बसवायची जिद्द असली तर होतं. हे मी भावाला सांगितलं तर म्हणाला, "हो, पण त्याला भांडावं लागतं ताई, शेड्यूलवाल्यांशी रोज." भांडतो तो आता. हल्ली दुसऱ्या मालिकेवर आहे, जेवणाच्या टेबलाचा सीन असेल तर सगळे आल्याशिवाय कॅमेरा लावत नाही म्हणे. मला फार अभिमान वाटला.

आता घरात वाद आहे तो पंचायत या वेबसिरीजवरून. लेकीचं म्हणणं की सगळे सीझन सारखेच परत बघण्यासारखे आहेत, माझं तसं नाही. पहिला सीझन ३ एप्रिल २०२० ला आला, त्याच बंदीच्या दिवसांत, आणि त्यातला तो ऑफिसातल्या चाकांच्या खुर्चीचा भाग मी कधीही, कितीही वेळा बघेन. ग्रामपंचायतीचा सचिवजी स्वतःसाठी चाकाची खुर्ची आणतो, लग्नातला नवरदेव त्याच खुर्चीसाठी हटून बसतो. संपली गोष्ट. कोणी मरत नाही, कोणी निवडून येत नाही. पण ती खुर्ची आल्यावर प्रधानजी म्हणजे रघुवीर यादव तिच्याकडे कसे बघतात, सचिव त्या खुर्चीत आणि प्रधान साध्या खुर्चीवर, हे त्यांना खटकलंय पण बोलता येत नाही, आणि विकास आणि प्रल्हाद दोघांकडे आळीपाळीने बघत उभे आहेत, चंदन रॉय आणि फैसल मलिक, वाक्य एखादंच असेल नसेल. दुसऱ्या सीझनच्या शेवटी प्रल्हादवर जो आघात होतो तो इतका आत जातो तो यामुळेच, की तोवर आपण या माणसाला इतका वेळ नुसता बाजूला उभा राहून ऐकताना बघितलेलं असतं.

चौथ्या सीझनला गावात निवडणूक आली. मंजूदेवी की क्रांतीदेवी, कोण जिंकणार, भागाच्या शेवटी हुक, पुढचा भाग लगेच लावावासा वाटतो. मी एका रात्रीत संपवला तो, डोळे चुरचुरेपर्यंत, आणि मस्त वाटला. पण निकाल कळला तसा मी तो परत लावलेला नाही. लेक म्हणते तू अन्याय करतेस, त्यातही प्रल्हादचे दोन सीन आहेत, ऐकण्याचेच आहेत, तू घाईत होतीस म्हणून तुला दिसले नाहीत. येत्या रविवारी ती ते लावून दाखवणार आहे. मी वाल भिजत घालायला सांगितलेत.